टोबायसला विचारा

टॅलमन कौंटी, नेब्रास्का
३ फेब्रुवारी

एर्विन,

प्रभूच्या नावाने नमस्कार. वारा उत्तरेचा, बर्फ कुंपणाएवढा. झालं हवापाणी, आता कामाचं.

तुझ्या नाताळच्या कार्डावर पत्ता होता म्हणून लिहितेय. दरवर्षी येतं तुझं कार्ड. मी ठेवते, उत्तर देत नाही, ते तुला माहीत आहे. आताही गळ्यात पडायला लिहीत नाहीये, तेव्हा रडत बसू नकोस.

तुझ्या बापाला नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला. गोठ्यात पडला होता, मीच पाहिला. शेजारचा आमिश नाही, इंग्लिश आहे, त्याच्या मोटारीत घालून दवाखान्यात नेला. जगला. उजवी बाजू गेली आणि इंग्लिश गेलं. बोलतो, हळू बोलतो, पण फक्त आपली डच. जन्मभर बाजारात इंग्लिशमध्ये गाईंचा भाव करत आला, ते सगळं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाला असं होतं कधीकधी. आईच्या मांडीवर शिकलेलं राहतं, बाकीचं जातं.

दवाखान्यातून त्याला कौंटीच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये टाकला. म्हणाले, थोडे दिवस, व्यायामाला. आम्ही म्हटलं, बरं. गेल्या आठवड्यात मी पलंग माडीवरून खाली आणवला, गाडीवाला ठरवला, त्याला आणायला गेले. तर तिथली पोरगी म्हणते, "नाही नेता येणार, आजी. कोर्टाने त्यांना पालक नेमलाय."

म्हटलं, पालक पोरांना असतो. हा बहात्तर वर्षांचा घोडा आहे.

"वकील ड्रेक म्हणून आहेत. ते सांगतील तसं."

"आम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्हाला कागद आला असेल की."

आला होता कागद. पोस्टमनने हिरव्या चिठ्ठीवर सही मागितली, मी दिली. वाचला, अर्धा कळला, घड्याळामागे ठेवला. अमुक तारखेला सुनावणी असं होतं. मला वाटलं, येतील विचारायला. आपल्या सभेत काही ठरवायचं असलं की बिशप आणि धर्मसेवक बाकाबाकावरून फिरतात, कानाशी वाकून एकेकाला विचारतात, तुझं काय म्हणणं? शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीने मान हलवल्याशिवाय काही ठरत नाही. मी आपली शेवटच्या बाकावर बसून राहिले. कुणी आलंच नाही.

तो जेवत नाही, एर्विन. मी गेले की मनगट धरतो आणि "घरी" म्हणतो. दुसरा शब्द नाही. मी निघाले की हात सोडत नाही, नर्स बोटं उलगडते.

तुझ्याकडे संगणक आहे. कोर्टाने काय लिहिलंय त्याच्याबद्दल ते शोध. बिशपला हे पत्र ठाऊक नाही.

सलोमा आत्या


विचिटा, कॅन्सस
९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. इथे बर्फ नाही, नुसता वारा आहे. हवापाणी मीही लिहितो अजून, बघ.

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि मला वाटलं बाबा गेले. आधी शेवटची ओळ वाचली.

कौंटी कोर्टाच्या यादीत बाबांचं नाव सापडलं. प्रकरणाचा नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय, तो कापून जवळ ठेव. संगणकावर नुसत्या नोंदी दिसतात, कधी काय दाखल झालं, कधी सुनावणी झाली एवढंच. डिसेंबरात दवाखान्याने अर्ज केला. त्याच महिन्यात सुनावणी. पुढे लिहिलंय, "कोणी हजर नाही, हरकत नाही, पालक नेमला." मूळ कागद बघायचे तर तुलाच कोर्टात जावं लागेल. तळमजल्यावर कौंटी कोर्टाची खिडकी आहे. नंबर सांग, फाईल माग. घाबरू नकोस, ती कुणालाही बघता येते. आणि तिथे आपली कर्मकहाणी सांगत बसू नकोस, त्यांना फक्त नंबर लागतो.

कोर्ट कुणाच्या बाकापाशी येत नाही, आत्या. ते कागद पाठवतं आणि वाट बघतं. तुम्ही गप्प बसलात की ते म्हणतं, यांना मान्य आहे. आपल्यात गप्प बसणं म्हणजे अजून विचारलेलं नाही. तिकडे गप्प बसणं म्हणजे हो.

मी नर्सिंग होमला फोन केला. म्हणाले, तुमचं नाव यादीत नाही.

माझ्याबद्दल काही बोलले होते का ते? झटक्याच्या आधी?

एर्विन


१८ फेब्रुवारी

एर्विन,

थंडी. गेले कोर्टात.

घोडी पार्किंगमधल्या खांबाला बांधली, दोन पोरं फोटो काढायला लागली. त्यांना म्हटलं, घोडीचा काढा, ती दिसायला बरी आहे. मग तळमजल्यावर. खिडकीत प्रुइट नावाची बाई. चष्मा गळ्यात दोरीला, तोंडात गोळी.

"काय हवंय?"

"टोबायस गिंगरिचची फाईल." नंबर पुढे सरकवला.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"ते सांगावं लागतं का?"

हसली. "नाही. सवयीने विचारते. आमिश माणूस या खिडकीशी मी पहिल्यांदाच बघतेय."

"मीही तुम्हाला पहिल्यांदाच बघतेय. फाईल द्या."

टेबलाशी बसवलं, पेन बाजूला ठेवायला लावलं, पेन्सिल दिली. अर्ध्या बोटाएवढी जाड फाईल. एवढ्यात माणूस आवळून टाकला! डॉक्टरांचा कागद बंद पाकिटात होता. म्हटलं, हे उघडा. म्हणते, "जज्जच्या परवानगीशिवाय नाही."

"माझ्या भावाच्या डोक्यात काय आहे ते मीच बघायचं नाही?"

"कुणीच बघायचं नाही, बाई. उद्या तुमचंही डोकं असल्या पाकिटात आलं तर तुम्हाला बरं वाटेल."

हे मला पटलं. पण हुकूम उघडा होता, तो वाचला. डॉक्टरांचंच त्यात उतरवलंय. माणसं ओळखत नाहीत. प्रश्नांना उत्तर देत नाहीत. भोवती काय चाललंय त्याचं भान नाही. कुटुंबातून कुणी हजर झालं नाही. अरे, इंग्लिशमध्ये विचारलं तर कसा देईल उत्तर? मी प्रुइट बाईला विचारलं, आता काय करायचं? म्हणते, "मी सल्ला देऊ शकत नाही." म्हटलं, सल्ला कोण मागतंय, दार कुठे आहे ते सांगा. तिने इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "जवळच्या नातेवाइकांची नावं आहेत ते पान बघितलंत का? बऱ्याच लोकांना ते बघायचं सुचत नाही."

बघितलं. बहीण: सलोमा गिंगरिच. पत्नी: मयत. मुलं: नाहीत.

ते माझ्याकडून झालं. दवाखान्यातल्या बाईने विचारलं होतं, "यांच्यासाठी निर्णय घेणारं मूलबाळ कुणी आहे का?" मी म्हटलं, नाही. बाप्तिस्म्याचं वचन मोडून मंडळी सोडलीस, वाळीत आहेस, निर्णय कसला घेणार तू? मी खोटं बोलले नाही. तिने तसं लिहिलं ते तिचं.

तू विचारलंस तुझ्याबद्दल काही बोलला का. तो कधीच बोलत नाही. तुझी कार्डं आली की मी टेबलावर ठेवते, दुसऱ्या दिवशी ती खिडकीच्या कट्ट्यावर उभी असतात. मी नाही उभी करत.

सलोमा


४ मार्च

आत्या,

दोन आठवडे मला लिहवेना. मुलं: नाहीत. मी ते ट्रकमध्ये, शिड्यांवर, लोकांचे फ्रिज दुरुस्त करताना म्हणून बघितलं. मुलं: नाहीत. कसं वाटतं ते तुला सांगत नाही, तू म्हणशील रडत बसू नकोस.

पण ऐक. इथे गरिबांची कामं फुकट करणारी एक वकील बाई आहे, तिला सगळं दाखवलं. ती खुर्चीत ताठ झाली. म्हणाली, "मुलगा हयात आहे आणि त्याला कळवलंच नाही? मग पहिली सुनावणीच कच्ची." म्हणजे जे तुझ्या तोंडून गेलं तेच दार निघालं. मी माझ्या नावाने अर्ज केलाय, पालक काढा आणि पुन्हा ऐका म्हणून. ११ एप्रिलची तारीख मिळाली. वकील बाई तिकडे येऊ शकत नाही, लेखी पाठवणार आहे. मी येणार.

तोवर तू एक काम कर. कोर्टात लोकांसाठी ठेवलेला संगणक असतो. दर आठवड्याला जाऊन बाबांच्या नंबराखाली नवीन काही आलंय का ते बघ. ड्रेक काहीही दाखल करेल. टपालाची वाट बघू नकोस. गप्प बसू नकोस.

एर्विन


१७ मार्च

एर्विन,

चिखल. बग्गीचं चाक दोनदा रुतलं.

दर आठवड्याला जातेय. प्रुइट बाई आता नंबर विचारत नाही, संगणक लावून देते आणि म्हणते, "बसा, तुमचं बाक रिकामं आहे." मी तिला पाव नेऊन दिला. म्हणते, घेता येत नाही. म्हटलं, मग खिडकीत विसरून जाते.

काल नवीन ओळ होती. ड्रेकचा अर्ज. टोबायसला लिंकनला हलवायचंय, मोठ्या संस्थेत. इथे त्याची "सोय होत नाही", तो "सहकार्य करत नाही". लिंकन, एर्विन! बग्गीने लिंकनला कोण जाणार? तिथे त्याच्याशी डचमध्ये एक शब्द बोलणारं कुणी नाही. तो भिंतीकडे बघत बघत मरेल आणि मला पोस्टाने कागद येईल. हिरव्या चिठ्ठीचा.

मी त्या खुर्चीत बसूनच राहिले. प्रुइट बाई बाहेर आली, पाणी दिलं. म्हणाली, "मी सल्ला देऊ शकत नाही. पण ज्यांची हरकत असते ते साध्या कागदावरसुद्धा लिहून देतात, मी शिक्का मारते."

लिहू का? बिशप घरी येऊन बसला होता गेल्या रविवारी. म्हणाला, "सलोमा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." म्हटलं, मी कुठे चढतेय, एर्विन चढतोय, आणि तो आपला नाही असं तुम्हीच ठरवलंय. त्याने ॲपल पायचा दुसरा तुकडा घेतला. पण हरकत माझ्या नावाने दिली तर ते माझं चढणं झालं. दुसऱ्यावर कज्जा करणं झालं. मग मलाही मंडळीपुढे उभं करतील.

तो किती वाळलाय तुला कल्पना नाही. खोकतो. छातीत घरघर आहे. मी तुझ्याबद्दल त्याला अजून सांगितलेलं नाही.

सलोमा


२२ मार्च

आत्या,

लिही. वकील बाई म्हणते, दोन्ही अर्ज एकाच दिवशी ऐकतील, पण हरकत आली तरच. नाही आली तर ड्रेकचा अर्ज तसाच मंजूर. पुन्हा तेच, कुणी हजर नाही.

फार लिहू नकोस. तू कोण, तुझी कशाला हरकत आहे, का आहे. खाली सही. आणि वर नंबर.

आणखी एक. कोर्टाला डच येणारा दुभाषा मिळत नाहीये. जज्ज म्हणालेत, नाहीच मिळाला तर मुलाने त्यांना साधे प्रश्न विचारावेत, आम्ही बघू. म्हणजे मी. बाबा माझ्याशी बोलतील ना, आत्या? एवढ्यापुरतं तरी?

एर्विन


३० मार्च

एर्विन,

दिली हरकत. वहीचं पान फाडून लिहिलं. "मी सलोमा, टोबायसची बहीण. त्याला लिंकनला नेऊ नका. त्याला भान आहे. तुम्ही त्याला त्याच्या भाषेत विचारलं नाही. टोबायसला विचारा." प्रुइट बाईने वाचलं, शिक्का मारला, फार जोरात मारला. म्हणाली, "वकील लोक याला बारा पानं लावतात."

बिशपला मीच जाऊन सांगितलं. कोर्ट झालं की मंडळीपुढे गुडघे टेकून चूक कबूल करायची आहे. करीन. गुडघे तसेही कामातून गेलेत.

तू विचारलंस बोलेल का. स्वच्छ सांगते, मला माहीत नाही. एकोणीस वर्षं तुझ्याबरोबर जेवला नाही, तुझ्या हातचं घेतलं नाही. तुझ्या आईच्या दफनाला तू आलास तेव्हा तू दिलेला कोट त्याने थंडीत कुडकुडत नाकारला, ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. नियम पाळणारा माणूस आहे तो. तू ये, प्रश्न विचार, आणि तमाशा करू नकोस.

परवा त्याने "घरी"सुद्धा म्हटलं नाही.

सलोमा


११ एप्रिल
कॅन्ससची हद्द, पेट्रोल पंप

आत्या,

गाडी चालवता येईना म्हणून थांबलोय. पंपावरच्या पोरीकडून कागद मागून घेतला.

मी सगळं घालवलं. मी यायलाच नको होतं.

तू मागच्या बाकावर होतीस, तुला त्यांचा चेहरा दिसला नसेल. मला दिसला. चाकाच्या खुर्चीतून आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही, गळपट्टीत मान बुडालेली. मला पाहिलं त्यांनी. सरळ डोळ्यांत पाहिलं. जज्ज म्हणाले, विचारा. मी विचारलं, बाबा, घरी जायचंय का? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा विचारलं. पुन्हा. एवढा मोठा हॉल आणि माझीच डच मला ऐकू येतेय. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, ओठ फाटलेले. मी जगमधून पाणी ओतलं आणि ग्लास पुढे केला. हात गुडघ्यावरून हलला नाही. मी तसाच उभा. आणि तो ड्रेक शांतपणे म्हणतो, "बघावं साहेब. तहानेला आहे तरी पाणी कळत नाही. पोटचा मुलगा ओळखत नाही. मी आणखी काय सांगू?"

मी ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. थांबलो असतो तर त्यांच्यासमोर ओरडलो असतो.

लिंकनचा पत्ता कळला की पाठव. शनिवार-रविवार मी जात जाईन. ते भिंतीकडे बघतील, मीही भिंतीकडे बघेन.

मला माफ कर.

एर्विन


१४ एप्रिल

एर्विन,

ऊन आहे. तुझं पत्र आजच आलं. बापासारखाच अडेल आहेस आणि त्याच्याहून घाईचा. तू फार लवकर निघतोस, एकोणीस वर्षांपूर्वीही तसाच निघालास. आता बस आणि वाच.

तुझ्यामागे दार बंद झालं. टोबायसने दाराकडे बघितलं, बराच वेळ. मग डावा हात पुढे केला, तू ठेवलेला ग्लास टेबलावरून उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. ड्रेक कागद चाळत होता, त्याने पाहिलं नाही. जज्जने पाहिलं. चष्मा काढला.

"हे काय झालं?" कुणाला विचारत होता कोण जाणे. मग म्हणाला, "इथे कुणाला काही सांगायचंय का?" आणि एकेका बाकाकडे बघत बघत मागे माझ्यापर्यंत आला.

एर्विन, मी उभी राहिले.

"शपथ घ्या."

"शपथ आम्ही घेत नाही. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही."

"कायद्याला तेवढं चालतं. बोला."

म्हटलं, "साहेब, त्याने पाणी नाकारलं नाही. हात नाकारला. तो मुलगा वाळीत आहे. वाळीत असलेल्याच्या हातातून आम्ही काही घेत नाही. त्याने खाली ठेवलं आणि हात काढला की मग उचलायला हरकत नाही. डोकं गेलेला माणूस एवढं सांभाळेल का?"

ड्रेक म्हणाला, योगायोग आहे. जज्ज म्हणाला, "मग तुम्हीच द्या ना, मिस्टर ड्रेक." ड्रेकला ग्लास भरून पुढे करावा लागला. तुझ्या बापाने त्याच्या हातातून घेतला. मानेने आभारसुद्धा मानले, मेल्याचे! शिपायाने रुमाल दिला, तोही घेतला. ज्याने कोंडून ठेवलं त्याच्या हातचं चाललं आणि पोटच्या पोराचं नाही. मला तिथेच रडू येत होतं पण मी दात आवळले.

जज्ज म्हणाला, "विचारा त्यांना, आत्ता बाहेर गेला तो कोण?"

मी त्याच्या खुर्चीपाशी गेले, कानाशी वाकले. आपल्या सभेत वाकतात तशी. विचारलं. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मग म्हणाला, "माझा मुलगा. एर्विन."

एकोणीस वर्षांत मी ते नाव त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी जज्जला सांगितलं काय म्हणाला ते. ड्रेक उठला. "साहेब, बहीण काहीही सांगेल, आपल्यापैकी कुणाला ती भाषा येत नाही."

"एर्विन हे नाव मला त्यांच्याच तोंडून, तिने सांगायच्या आधीच कळलं, मिस्टर ड्रेक. बसा."

मग म्हणाला, घरी जायचंय का विचारा. मी विचारलं. टोबायस माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मीच खुळी. म्हणाला, "पलंग खाली आणलास का?" मी हे इंग्लिशमध्ये सांगितलं तेव्हा जज्ज हसला आणि मग एकदम हसायचा थांबला आणि लिहायला लागला.

पालक काढला. लिंकन फेटाळलं. आणि फाईलमधलं ते नातेवाइकांचं पान दुरुस्त करायला सांगितलं. प्रुइट बाईने शिक्क्याची प्रत दिली, मी खिडकीतच वाचली. मुलं: एक.

काल त्याला घरी आणला. आता दुसरं ऐक, तेही स्वच्छ सांगते. छाती भरलीय. डॉक्टर येऊन गेला, खुणेने मला ओसरीवर बोलावलं. फार रविवार उरलेले नाहीत. तो पलंगावरून गोठा दिसतो का बघतो, दिसतो, मग झोपतो. आज सकाळी दोन घास सूप घेतलं. मग विचारलं, "तो गेला का?"

म्हटलं, तूच घालवलास.

त्याने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "दोन टेबलं लाव. वर चादर एकच."

तर लावलीत. त्याचं पलंगाशी, तुझं शेजारी. मध्ये चार बोटं फट आहे. ती मी बुजवणार नाही, बुजवली तर टेबल एकच होईल आणि तो जेवणार नाही. पण वरून चादर एकच आहे, पांढरी, तुझ्या आईची, फट दिसत नाही.

या रविवारी ये. पुढच्या नको, याच. पाव आणू नकोस, मी भाजलाय. पाणी मात्र तूच दे. ठेव आणि हात काढून घे. आणि या खेपेला खोलीतून बाहेर जाऊ नकोस. तो उचलेल.

सलोमा आत्या